कंडेन्सरपुढचे ओले पॅड: ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात घ्यावेत का?

लश्कर, मुरार, सिटी सेंटर, कुठल्याही गच्चीवर पाहा, दुकानांच्या आणि मंगल कार्यालयांच्या डक्टेबल (डक्टमधून गार हवा पोचवणाऱ्या) एसीची बाहेरची युनिटं रणरणत्या उन्हात उभी असतात. त्यांच्यापुढे कूलरसारखे मधमाशीच्या पोळ्याचे पॅड बसवून देणारे संच आता सहज मिळतात. लोखंडी किंवा स्टीलची चौकट, १०० मिमी जाडीचे सेल्युलोज पॅड, खाली टाकी, छोटा पंप, वर भोकांचा पाइप, एवढंच सामान. तत्त्व आपल्याकडच्या वाळ्याच्या पडद्याचंच आहे, फक्त इथे खोलीऐवजी कंडेन्सरला, म्हणजे बाहेरच्या युनिटमधल्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला, गार हवा द्यायची आहे.

एप्रिल ते जूनच्या कोरड्या दिवसांत हा संच खरोखर काम करतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर साधारण २३ अंश दिसतात. नुसतं पाणी उडवून हवा यापेक्षा गार होत नाही. चांगला पॅड या २१ अंशांच्या फरकातले १४-१५ अंश खाली आणू शकतो. फटींतून गरम हवा शिरतेच, म्हणून प्रत्यक्षात १०-१२ धरावेत. आर-४१०ए गॅसच्या युनिटमध्ये जो डिस्चार्ज प्रेशर (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचा दाब) भर दुपारी ५३० पीएसआयच्या घरात असतो, तो ४१० च्या आसपास येतो. कंडेन्सिंग तापमान (गॅसचा द्रव होतो ते तापमान) एक अंश उतरलं की कॉम्प्रेसरची वीज दोन-तीन टक्के कमी लागते. दोनच धरले तरी दुपारच्या तासांत २० ते २४ टक्के बचत होते. हाय प्रेशरवर युनिट ट्रिप होणंही (आपोआप बंद पडणंही) थांबतं, आणि लग्नाच्या हॉलला हा फायदा बिलापेक्षा मोठा आहे.

आता पाणी, कारण विक्रेते त्याबद्दल सर्वात कमी बोलतात. १० टनांच्या युनिटला भर दुपारी तासाला सुमारे ८० लिटर पाणी नुसतं उडून जातं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. टाकीतल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) भरायच्या पाण्याच्या तिपटीवर जाऊ द्यायचा नसेल तर आणखी ४० लिटर सोडून द्यावे लागतात. म्हणजे तासाला १२० लिटर, आणि ५००० लिटरचा टँकर जेमतेम ४० तास पुरतो. तेवढ्या वेळात तासाला ३ युनिटप्रमाणे विजेची १२० युनिट वाचतात. आठ रुपये दर धरला तर ९६० रुपये. तुमच्या भागात टँकर याच भावाने येत असेल तर बचतीचा विचार सोडाच, संच फक्त ट्रिपिंग टाळण्यासाठी घ्या. नळाचं किंवा बऱ्यापैकी गोडं बोअरिंगचं पाणी असेल तरच बिलाचं गणित जमतं. आरओचं टाकाऊ पाणी मात्र यात कधीही सोडू नका. ते फुकट दिसतं, पण त्याने एका हंगामात पॅडचा दगड होतो.

बसवण्यातल्या चुका नेहमीच्याच आहेत. पहिली म्हणजे पॅडचं क्षेत्रफळ कमी ठेवणं. कंडेन्सरच्या पंख्यात जोर फार नसतो. १० टनांना निदान अडीच चौरस मीटर पॅड हवा, नाहीतर हवेचा ओघच घटतो आणि मिळालेला गारवा तिथेच वाया जातो. दुसरी, कंडेन्सरच्या कॉइलला चिकटवून पॅड लावणं. मध्ये फूटभर अंतर हवं, थेंब कॉइलच्या फिनवर (पातळ पत्र्यांवर) गेले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. पाणी पॅडच्या दर मीटर लांबीला मिनिटाला सहा लिटर या हिशेबाने सोडावं. कमी पडलं तर कोरडे पट्टे राहतात आणि क्षार नेमके तिथेच साचतात.

स्वस्तातला पर्याय म्हणून काही जण कॉइलवर थेट फवारे मारणारे नोझल सुचवतात. ते घेऊ नये. क्षार फिनमध्येच बसतो आणि तो ॲसिडने काढताना फिनही जातात. पॅड खराब झाला तर बदलता येतो, कॉइल बदलणं परवडत नाही.

पंप थर्मोस्टॅटवर ठेवावा: ३५ अंशांच्या वर चालू, खाली बंद. रात्री पंप पंख्याच्या अर्धा तास आधी बंद झाला तर पॅड सुकतो, शेवाळ धरत नाही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी. मे-जूनमध्ये आंधी येऊन गेली की पॅड वरून खाली साध्या पाण्याने धुवावा, प्रेशर पंप लावू नये, कागद फाटतो.

पावसाळ्यात ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला हा पॅड जेमतेम तीन अंश देतो आणि हवा मात्र अडवतो. म्हणून जुलैत चौकटीतून पॅड काढून ठेवता येतील असाच संच घ्यावा. स्क्रूने कायमचा आवळलेला नको.

आणि खरेदीआधी एक काम करा: कॉइल नीट धुऊन घ्या. धुळीने भरलेल्या कॉइलपुढे पॅड लावणं म्हणजे पैसे घालवणं. धुतल्यावर दुपारी तीन वाजता क्लॅम्प मीटरने अँपिअर लिहून ठेवा. संच लागल्यावर तितक्याच उन्हाच्या दिवशी, त्याच वेळी पुन्हा मोजा, पॅडच्या आधी आणि नंतर थर्मामीटर धरा. फरक आठ अंशांच्या खाली असेल तर उरलेले पैसे देण्याआधी फटी बुजवून घ्या.