हायसिंथचे कंद: पाकिटावरचा फोटो पहिल्या वर्षाचा असतो

हायसिंथ या कंदापासून येणाऱ्या सुगंधी फुलझाडाच्या पाकिटावर छापलेला तो भरगच्च, मक्याच्या कणसासारखा तुरा फुलवण्यात लावणाऱ्याचं कर्तृत्व जवळजवळ नसतं. ते फूल आदल्या उन्हाळ्यातच, विकणाऱ्याच्या गोदामात, कंदाच्या पोटात तयार झालेलं असतं. म्हणून कंद बागेत कायमचे ठेवायचे असतील, तर पहिल्या बहरावरून त्यांना गुण देऊ नयेत. तिसऱ्या वर्षी काय उगवतं ते बघावं. या कसोटीवर बाजारातला सगळ्यात महागडा माल नापास होतो.

कंदाची प्रत घेरावरून ठरते. 18 ते 19 सेंमी आणि त्यापुढचे कंद प्रदर्शनाचे, 14 ते 16 सेंमीचे वाफ्याचे. मोठ्या कंदाचा तुरा पहिल्या वर्षी इतका जड असतो की एका पावसात दांडा आडवा होतो, आणि प्रत्येकाला काडीचा आधार द्यावा लागतो. 14 ते 16 सेंमीच्या कंदाला फुलं कमी येतात, पण दांडा स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि पुढच्या वर्षी होणारी घट डोळ्यांत भरत नाही. बागेसाठी हाच घ्यावा. स्वस्त आहे म्हणून नाही, खरोखर बरा आहे म्हणून.

‘प्रिपेअर्ड’ लिहिलेलं पाकीट बागेसाठी घेऊच नये. त्या कंदांवर तापमानाची प्रक्रिया केलेली असते, ती घरात कुंडीत किंवा काचेच्या भांड्यात लवकर फुलावेत म्हणून. बाहेर लावल्यावर त्या प्रक्रियेचा उपयोग शून्य, किंमत मात्र जास्त. घरात मातीच्या कुंडीत फुललेला कंद नंतर बागेत हलवता येतो. सावरायला त्याला एक-दोन वर्षं लागतात. नुसत्या पाण्यावर फुलवलेला कंद मात्र बहुधा पार रिकामा झालेला असतो. त्याच्याकडून आशा ठेवू नये.

मल्टिफ्लोरा प्रकाराला हवी तेवढी दाद मिळत नाही. एका कंदातून तीन-चार बारीक दांडे, विरळ फुलं, सुगंध तोच. वर्षानुवर्षं ठेवण्यासाठी हा उत्तम, कारण साधा हायसिंथ काही वर्षांनी जसा दिसू लागतो तसा हा पहिल्यापासूनच असतो. ‘मिश्र रंग’ असं लिहिलेली थैली मात्र टाळा. त्यातल्या जाती वेगवेगळ्या उंचीच्या असतात आणि पुढेमागे फुलतात, त्यामुळे वाफा कधीच एकसंध दिसत नाही.

जातींपैकी ‘डेल्फ्ट ब्लू’ ही फिकट निळी, भरवशाची. ‘यान बॉस’ गडद लालसर गुलाबी, लवकर फुलणारी. 1893 पासून बाजारात असलेली ‘सिटी ऑफ हार्लेम’ फिकट पिवळी आणि उशिरा येणारी. या दोघी जवळजवळ लावल्या की हंगाम लांबतो. ‘हॉलीहॉक’सारख्या दुहेरी पाकळ्यांच्या जाती फोटोत सुंदर दिसतात, पण त्यांच्यात पाणी साठतं आणि तुरा खाली बसतो. उघड्या वाफ्यापेक्षा आडोशाच्या कुंडीत त्या बऱ्या.

घेताना कंद हातात तोलून पाहावा. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे आणि बुडाची चकती, जिथून मुळं फुटतात, ती कोरडी व टणक हवी. सालीवर थोडी निळसर बुरशी असेल तर पुसून टाका, बिघडत नाही. बुडाशी मऊ लागलं तर परत करा. सालीचा रंग फुलाचा अंदाज देतो: जांभळट साल बहुधा निळ्या, गुलाबी, लाल फुलांची, पांढरट साल पांढऱ्या-पिवळ्यांची. पाकिटावर ‘पांढरा’ आणि आत जांभळे कंद, तर माल बदललेला आहे असं समजावं. हे सगळं हातमोजे घालून करा. सालीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांनी हाताला चांगलीच खाज सुटते. कंद कुत्र्या-मांजरांच्या पोटात जाऊ देऊ नयेत, ते विषारी असतात.

लागवड शरद ऋतूत, माती 15 अंशांखाली उतरली की. खड्डा 15 सेंमी, म्हणजे कंदाच्या डोक्यावर साधारण 10 सेंमी माती येते. उथळ लावलेला कंद लवकर फुटून बारीक पिल्लांचा पुंजका होतो, आणि पिल्लं फुलायला दोन-तीन वर्षं घेतात. कायमच्या वाफ्यात दोन कंदांत 15 सेंमी अंतर ठेवा. एका चौरस मीटरमध्ये चाळीसएक कंद बसतात. ऊन भरपूर हवं. वाऱ्याच्या तोंडाशी मात्र लावू नये, सगळा सुगंध उडून जातो. पायवाटेच्या कडेला, भिंतीच्या ऊबेत तो खरा कळतो.

बहुतेक कंद थंडीने मरत नाहीत, पाण्याने मरतात. 30 सेंमीचा खड्डा खणून पाण्याने भरा. चार तासांनीही पाणी दिसत असेल तर तिथे हायसिंथ टिकणार नाही. उपाय म्हणजे 15 ते 20 सेंमी उंच वाफा, आणि भरड वाळू किंवा बारीक खडी संपूर्ण मातीत मिसळणं. कंदाखाली मूठभर वाळू टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. चिकण मातीत त्याने खाली पाण्याची वाटीच तयार होते. ताजं शेणखत नको. जास्त नत्राने पानं माजतात, कंद मऊ पडतो आणि कुजतो. कोंब वर आले की एकदा आणि फुलं संपल्यावर एकदा, पालाश जास्त असलेलं खत पुरे.

फुलं सुकल्यावर दांडा कापू नका. बोटांनी नुसती फुलं खरडून काढा. बी धरत नाही, आणि हिरवा दांडा पानांच्या बरोबरीने अन्न तयार करत राहतो. पानं आपोआप पिवळी पडेपर्यंत, किमान सहा ते आठ आठवडे, राहू द्या. त्यांच्या वेण्या घालून नीटनेटकेपणा करण्याची हौस पुढच्या वर्षी महागात पडते. या काळात पाऊस नसेल तर पाणी द्यायचं. पानं वाळली की बंद.

आणि मग उन्हाळा, जिथे बहुतेकांचं गणित चुकतं. पुढच्या वर्षीचं फूल पानं गेल्यावर, मातीतल्या निजलेल्या कंदात घडतं. त्याला कोरडेपणा आणि पंचविशीच्या आसपासचं तापमान हवं असतं. त्याच वाफ्यात उन्हाळी फुलझाडं लावून रोज पाणी घातलं की खालचा कंद एकतर कुजतो किंवा पुढे नुसती पानं देतो. उन्हाळा ओला जात असेल तर पानं वाळल्यावर कंद काढावेत, सावलीत सुकवावेत आणि जाळीच्या पिशवीत हवेशीर जागी टांगावेत. जवळ पिकणारी फळं नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते.

हिवाळा सौम्य असलेल्या ठिकाणी आणखी एक अडचण. 5 ते 9 अंशांत 10 ते 12 आठवडे काढल्याशिवाय दांडा लांबत नाही आणि फूल पानांच्या बेचक्यातच बसून राहतं. फ्रिजमध्ये गारवा देऊन एक बहर मिळतो, पण तिथे याला बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षं फुलणारा, म्हणून विकणं ही फसवणूकच.

रोगांत लक्ष ठेवायचं ते पिवळ्या रोगावर. झँथोमोनास हायसिंथी या जिवाणूचा हा रोग. पानांवर ओलसर पट्टे येतात, ते पुढे काळे पडतात. कंद कापला तर आत पिवळा चिकट स्राव दिसतो. औषध नाही. कंद भोवतालच्या मातीसकट काढून फेकावा, कंपोस्टात टाकू नये आणि त्या जागी पुन्हा हायसिंथ लावू नये.

दुसऱ्या वर्षी तुरा विरळ झाला म्हणून पाकीट विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रत्येक कंदाचं तसंच होतं, आणि विरळ तुरा पावसात उभाही राहतो. फुलंच आली नाहीत आणि पानं दाट, बारीक झाली, तर कंदांची गर्दी झाली आहे: पानं वाळताच पुंजका उकरा, मोठे कंद वेगळे करून पुन्हा 15 सेंमीवर लावा, आणि पिल्लांना कडेचा एखादा वाफा द्या.