नेरुळच्या ओट्यावर आठ महिने एस्प्रेसो मशीन

दाबाने दाट, कडक कॉफी काढणारं हे मशीन होळीच्या आठवड्यात घेतलं, आता दिवाळीही उरकली. रोज दोन-तीन कप निघतात, तेव्हा हात बऱ्यापैकी बसलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या आकाराची बहुतेक मशीनं आतून सख्खी भावंडं. पूड भरायची 51 मिलिमीटरची बास्केट, थर्मोब्लॉक म्हणजे वाहतं पाणी तापवणारा धातूचा ठोकळा, घरघरणारा छोटा पंप आणि खोक्यावर दाबाचा ठळक आकडा, '15 बार'. त्या 15 ला भुलू नका. एस्प्रेसोला 9 च्या आसपास पुरतात, वरचे दुकानात मिरवायला.

घेताना रुंदी मोजली, उंची नाही. पाण्याच्या टाकीचं झाकण वर उघडतं आणि वर आमचं कपाट. त्यामुळे पाणी भरायचं तर रोज मशीन पुढे ओढा. शिवाय पिन जाड. ओट्यावर जाड पिनेचा सॉकेट एकच, त्यावर मायक्रोवेव्हचा वहिवाटीचा हक्क. शेवटी इलेक्ट्रिशियन बोलवावा लागला.

पहिला महिना मी स्वतःलाच फसवत होतो. सोबत दुहेरी तळाची बास्केट येते. तिच्या खालच्या तळाला सुईएवढं एकच भोक, त्यातून जोरात आलेल्या कॉफीला आपोआप फेस चढतो. दिसायला झकास, चव तयार पुडीची. मग एकेरी तळाची बास्केट आणली आणि फजिती सुरू झाली. माटुंग्याहून आणलेली चिकोरीवाली पूड घातली, तर पंप कण्हत राहिला आणि थेंब पडेना. दुकानातून दळून आणलेली घातली, तर दहा सेकंदांत कप भरला, चव आंबट ढाण. तेव्हा कळलं की खरं मशीन म्हणजे ग्राइंडर. हाताने फिरवायचा घेतला, दंडाला व्यायाम फुकट. आता 15 ग्रॅम पूड, कपात 30 ग्रॅम कॉफी, 27-28 सेकंद. आंबट लागली तर दळण एक घर बारीक, कडवट झाली तर एक घर जाड. वापरलेल्या पुडीची चकती कोरडी, अखंड सुटली की दिवस चांगला जातो असा माझा समज आहे. ती थेट कढीपत्त्याच्या कुंडीत जाते.

जुलैत हे गणित रोज बिघडायचं. खाडीवरून येणारी दमट हवा बियांना सोडत नाही, परवाचं सेटिंग आज चालत नाही. मग पिशवीतल्या बिया तीन लहान बरण्यांत भरल्या, एका वेळी एकच उघडायची. गंमत म्हणजे त्याच महिन्यात 'मान्सून्ड मलबार' आणली होती. या बिया किनाऱ्यावरच्या गोदामांत मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर फुगवतात, त्यांचा आंबटपणा जातो. दुधात ती मला चिकमगळूरच्या हलक्या भाजलेल्या बियांपेक्षा जास्त आवडली. जाणकार नाक मुरडतील, मुरडू दे.

दुधावरून मात्र घरात दोन महिने शीतयुद्ध. फेसाला फ्रीजमधलं गारेगार पिशवीचं दूध लागतं. आईचं म्हणणं, "न तापवलेलं दूध मी कुणाला पिऊ देणार नाही." पाश्चराइज्डचा खुलासा तिने कानाआड केला. तापवलेल्यात सायीचे कण राहतात आणि वाफेच्या नळीचं टोक बंद होतं. एकदा मी ते सेफ्टी पिनने कोरत बसलो होतो. तोडगा असा निघाला, तापवलेलं दूध रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी बारीक गाळणीतून. फेस जरा कमी बारीक येतो, पण घरात शांतता असते. नळी वापरली की लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि क्षणभर वाफ सोडा. दूध वाळलं की खरवडावं लागतं.

पाहुण्यांसाठी हे मशीन नाही. थर्मोब्लॉक एकच, त्यामुळे दूध झालं की आत ताप फार वाढलेला असतो. गरम पाणी वाहू देऊन थंड केल्याशिवाय पुढची कॉफी जळकी. चार कपांना वीस मिनिटं लागली, तोवर काकांनी "चहाच टाक रे" म्हटलं.

आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी, तसं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. पण मे महिन्यात सोसायटीत टँकर आले आणि क्षार साचून मशीनची धार बारीक झाली. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी लिटरभर पाण्यात 20 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून मशीनमधून फिरवतो, नंतर दोन टाक्या साधं पाणी. व्हिनेगर वापरू नका, वास आठवडाभर जात नाही. आरओचं पाणीही वापरून पाहिलं, कॉफी बेचव लागली.

सहाव्या महिन्यात हँडलच्या कडेने गळती. दुरुस्तीवाला अख्खा भाग बदला म्हणाला. मी रबराची रिंग काढून धुतली, खाचेतली पूड टोकदार ब्रशने काढली, गळती थांबली.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: 250 ग्रॅमची पिशवी मला 550 ला पडते, फुकट गेलेले घाणे धरून तेरा कप. दूध धरून कप पन्नाशीच्या आसपास. मशीनचे पैसे वसूल झाले का, हा हिशेब बायकोसमोर मांडलेला नाही.

लिहिता लिहिता तिसरा कप झाला, मशीनखालचा सांडपाण्याचा ट्रे भरल्याचा लाल ठिपका वर आलाय. ओतून येतो, नाहीतर पाणी सरळ पोळपाटाखाली.