काउंटरवरचा अ‍ॅमोलेड फोन: वापरानंतरचा अनुभव

उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढलेल्या या मध्यम किमतीच्या, अ‍ॅमोलेड पडद्याच्या फोनचा निकाल आधीच सांगून टाकतो. खिशातला फोन म्हणून झकास, पण दुकानात दिवसभर क्यूआर दाखवत उभा ठेवायचा असेल तर घेऊ नका. बॅटरी-कॅमेऱ्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो पडद्यावर कायमची सावली उमटण्याचा, म्हणजे बर्न-इनचा.

अ‍ॅमोलेडमध्ये मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो. उजेड आणि उष्णता जास्त तशी त्याची झीज जास्त, आणि निळा ठिपका सगळ्यात आधी थकतो. सगळा पडदा सारखा झिजला तर कुणाला कळतही नाही; एकच भाग जास्त झिजला की सावली दिसते.

बेळगावच्या खडेबाजारातल्या एखाद्या काउंटरवर नेमकं हेच होतं. बरीच पेमेंट अ‍ॅप क्यूआर उघडताच ब्राइटनेस चढवतात आणि पांढरा चौकोन तासन्‌तास तसाच पेटलेला राहतो. पुढे करडं चित्र लावलं की तो चौकोन मंद, पिवळट दिसतो आणि क्यूआरचे काळे ठोकळे उलट उजळ! ते बंद होते, म्हणून ताजे राहिले. छापील स्टिकर लावला की हा विषयच संपतो.

दुसरी जागा बाइकचा होल्डर. चोर्ला घाटातून गोव्याकडे जाताना नकाशा चालू, ऊन थेट पडद्यावर, ब्राइटनेस टोकाला, वर चार्जिंग. नकाशा सरकतो, पण वरची दिशा सांगणारी पट्टी जागची हलत नाही. इअरफोनवर आवाजी सूचना ऐकाव्या, पडदा बंद ठेवावा. निदान चार्जर तरी काढावा.

कीबोर्डची गंमत वेगळी. आपल्याकडे मराठी आणि कन्नड आलटून पालटून चालतं, त्यामुळे अक्षरांचे ठसे एकमेकांत मिसळतात. स्पेसबारची ओळ आणि वरची सूचनांची पट्टी मात्र तिथेच असते. कीबोर्डला काळी थीम द्या.

बाकी सेटिंग थोडक्यात: स्क्रीन टाइमआउट 30 सेकंद, ऑटो ब्राइटनेस चालू, खालच्या तीन बटणांऐवजी जेश्चर (बोट सरकवून फोन चालवणं), ऑलवेज-ऑन (फोन लॉक असतानाही दिसणारं घड्याळ) फक्त टॅप केल्यावर. ऑलवेज-ऑनचं घड्याळ थोडं थोडं सरकत असतं, म्हणून त्याची धास्ती क्यूआरइतकी नको.

तपासणी अंधाऱ्या खोलीत करा. ब्राइटनेस पाव भाग ठेवून आधी पूर्ण करडं, मग लाल, हिरवं, निळं चित्र फुलस्क्रीन पाहा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये *#0*# डायल केलं की लाल, हिरवा, निळा हे रंग मिळतात. डाग दिसला तर स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर बघा. तिथे नसेल तर दोष पडद्याचाच. एलसीडीवरची, म्हणजे मागे दिवा असलेल्या पडद्यावरची, सावली बहुधा थोड्या वेळात जाते, ही जात नाही. रंग चमकवणारी ‘दुरुस्ती’ अ‍ॅप झिजलेला ठिपका नवा करत नाहीत, उरलेल्यांनाही झिजवतात.

मग पडदा बदलणं आलं. तेव्हा दुकानदाराला स्पष्ट विचारा की बसवतोयस तो अ‍ॅमोलेडच आहे ना. स्वस्तातला पडदा अनेकदा एलसीडी असतो आणि त्याखाली पडद्यातला बोटाचा सेन्सर सहसा चालत नाही.