स्मिथ अँड वेसन २९ की रुगर ब्लॅकहॉक : जुनं .४४ मॅग्नम घेण्याआधी

अमेरिकेतल्या गन शोमध्ये शिकारीच्या जुन्या .४४ मॅग्नमवर (या जोरदार काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरवर) ‘रेअर’ म्हणजे दुर्मिळ अशी चिठ्ठी हमखास लावलेली असते. ती वाचली की दोन गोष्टी विचाराव्यात. हे रिव्हॉल्व्हर कारखान्यातून असंच बाहेर पडलं होतं का? आणि ते सिद्ध कशानं होणार? स्मिथ अँड वेसन (थोडक्यात स्मिथ) आणि रुगर या दोन बंदूक कंपन्या, दोघांचीही .४४ मॅग्नम १९५६ मध्ये बाजारात आली, पण या प्रश्नांची उत्तरं दोघांकडे अगदी वेगळ्या तऱ्हेनं मिळतात.

स्मिथची दुर्मिळता बारीकसारीक फेरफारांत दडलेली आहे. सुरुवातीच्या नगांवर बाजूच्या पत्र्याला चार आणि चापाच्या कड्यापुढे एक असे पाच स्क्रू होते. पुढे पत्र्याचा वरचा स्क्रू गेला, १९६१-६२ च्या सुमारास कड्यापुढचाही गेला. ‘मॉडेल २९’ हे नाव १९५७ चं, त्यामुळे त्याआधीच्या नगांवर तो आकडा नसतो. तो शोधायचा तर सिलिंडर बाहेर काढून, त्याचा दांडा फ्रेमला जिथे टेकतो त्या खाचेत पाहायचं.

तिथे ‘२९-१’ दिसलं तर मात्र सावध व्हा, कारण ही आवृत्ती फार थोडा काळ निघाली. झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचे आटे तेव्हा उजवे होते ते डावे केले. स्मिथचं सिलिंडर फिरतं त्या दिशेनं उजव्या आट्यांचा दांडा हळूहळू सैल होऊन पुढे सरकायचा आणि सिलिंडर उघडेनासं व्हायचं. म्हणजे शिक्का ‘२९-१’ चा आणि आटे उजवे, तर एक तर शिक्का मागून मारलेला किंवा दांडा बदललेला. ५ इंची नळीबाबतही तेच. १९५८ मध्ये शिकागोच्या एच. एच. हॅरिस या वितरकासाठी असे ५०० नग बनले, ६.५ इंची नळी कापून ‘हॅरिस’ तयार करण्याचा मोह म्हणूनच मोठा आहे.

शंका फेडण्याची सोय स्मिथकडे उत्तम आहे. मुठीच्या तळाचा क्रमांक टिपून घ्या. मोठ्या टार्गेट मुठीखाली तो झाकलेला असतो. मुठीचा स्क्रू काही फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर हलकेच ठोका, लाकूड आपोआप सुटतं. पातं खुपसून उचकटलं तर कपचा निघतो. हाच क्रमांक सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या सपाट भागावरही जुळायला हवा. क्रमांकाजवळ चांदणी असेल तर नग दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेला होता. त्या कामाची तारीख मुठीखाली फ्रेमवर सापडू शकते. मग स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून पत्र मागवा. नग कधी पाठवला, कोणाला पाठवला आणि त्या वेळी नळी-फिनिश काय होतं, हे नोंदींच्या आधारे त्यात येतं. ही तारीख रवानगीची असते, बनवल्याची नव्हे. क्रमांक ओळीनं रवाना होत नसत, म्हणून शेजारच्या क्रमांकावरून वर्ष ताडणं फसवं ठरतं.

रुगरचं गणित उलटं आहे. वर्ष शोधायला कंपनीच्या संकेतस्थळावरचा क्रमांकांचा तक्ता फुकट आहे. किंमत ठरते ती नगाला कोणी हात लावलाय का यावर. १९५६ ते १९६३ मधला सपाट माथ्याचा ब्लॅकहॉक, म्हणजे ‘फ्लॅटटॉप’, ६.५, ७.५ आणि १० इंची नळ्यांत आला. १० इंची सर्वांत मागणीचा. १९५९ ची सुपर ब्लॅकहॉक बिनखाचांच्या सिलिंडरनं लगेच ओळखू येते.

१९७३ मध्ये घोडा आणि काडतुसावर आदळणारी पिन यांच्यामध्ये ट्रान्सफर बार आला, म्हणजे चाप ओढल्यावरच घोड्याचा आघात पिनेपर्यंत पोचवणारी पट्टी. जुन्या, फ्रेमवर तीन स्क्रू दिसणाऱ्या नगांतही कंपनी तो फुकट बसवून देते. सुरक्षेसाठी हे उत्तमच, पण संग्राहक त्याला कमी पैसे मोजतात. घोडा पूर्ण मागे ओढून डोकवा, पिनेसमोर पट्टी वर आलेली दिसली की बदल झालेला आहे. काढलेले मूळ भाग कंपनी परत पाठवते, तेव्हा विक्रेत्याकडे ती पिशवी मागाच. बदल न झालेला नग चालवणार असाल तर पाचच काडतुसं भरा आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. घोड्यावर आघात झाला तर जुनी यंत्रणा गोळी सुटू देऊ शकते.

शिकारीला न्यायचं असेल तर आमचं मत रुगरकडे, त्यातही बार बसवलेल्या नगाकडे. त्याची फ्रेम दणकट आहे आणि संग्राहकांना नकोसा असल्यानं तो स्वस्तात पडतो. कागदोपत्री इतिहास हवा असेल तर स्मिथ; मात्र पत्र हाती येईपर्यंत ‘हॅरिस’चा भाव देऊ नका, साध्या २९ चाच द्या. रुगर संग्रहासाठी घेत असाल तर पुन्हा पॉलिश केलेला नग सोडा. बुजलेली अक्षरं, गोल झालेल्या कडा आणि स्क्रूच्या झिजलेल्या खाचा या त्याच्या खुणा.

एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्यानं बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद, म्हणून तो आधी काढायचा आणि रिव्हॉल्व्हर जवळ असेपर्यंत त्याची मुदत संपू द्यायची नाही.