ॲनालॉग, पीआरआय, सिप की जीएसएम? ईपीएबीएक्सला कोणतं ट्रंक कार्ड घ्यावं

मृगाच्या आधीचा वळीव पडून गेल्यावर लातुरातल्या एका डाळमिलचा ईपीएबीएक्स (आतल्या फोनांचं छोटं एक्स्चेंज) उघडला. बाहेरच्या चार लाईनी जोडायच्या ट्रंक कार्डावर एकाच पोर्टाजवळ काळा डाग आणि जळका वास, पण बंद चारही लाईनी. वीज तारांच्या एका जोडीतून शिरली, कार्ड मात्र अख्खं गेलं. तेव्हापासून चार लाईनी हव्यात म्हणणाऱ्याला मी दोन-दोन पोर्टांची दोन कार्डं सुचवतो. पैसे थोडे जास्त जातात, पण एक गेलं तरी दुसऱ्यावर धंदा चालतो. अर्थिंग धड नसेल तर दोन्ही जातील, हेही सांगून ठेवतो.

ॲनालॉग कार्ड जोडायला सोपं. तांब्याच्या लाईनीला ४८ व्होल्ट एक्स्चेंजकडूनच येतात, म्हणून तुमच्याकडची लाईट गेली तरी लाईन जिवंत. छळ वेगळाच: समोरच्याने फोन ठेवला तरी लाईन अडकून बसते, कारण कॉल संपल्याचं कार्डाला कळत नाही. एक्स्चेंजकडून पोलॅरिटी रिव्हर्सल (कॉल लागला-संपला की लाईनीचं धन-ऋण उलटणं) मागून घ्या. नाहीच मिळालं तर सेटिंगमध्ये बिझी टोनची ओळख चालू करा. आता तांब्याच्या जागी फायबर आलं असेल तर ओएनटीच्या (फायबर जिथे येऊन संपतं त्या डब्याच्या) फोन पोर्टावर हेच कार्ड चालतं. विजेचा धोका बराच कमी होतो. मात्र ओएनटी इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाईटबरोबर फोनही गेला.

पीआरआय म्हणजे फोन कंपनीची डिजिटल लाईन, एका जोडणीवर ३० कॉल. या जोडणीला ई१ म्हणतात, तिचे ६४ केबीपीएसचे ३२ कप्पे असतात. एक ताळमेळाला, एक सिग्नलिंगला, बाकीचे बोलायला. कॉल संपल्याचा निरोप सिग्नलिंगमधूनच येतो, त्यामुळे ॲनालॉगसारखी लाईन अडकत नाही. वॉर्ड, लॅब, मेडिकल यांना थेट नंबर देता येतात, म्हणून मोठ्या हॉस्पिटलला मी हेच सांगेन. बसवताना क्लॉक (ताळमेळाचा ठोका) कंपनीच्या लाईनीवरून घ्या, नाहीतर बोलताना टकटक ऐकू येते. एका वेळी आठ-दहा जण बाहेर बोलत नसतील तर हा खर्च कशाला?

सिप म्हणजे नेटवरून फोन. त्याला नव्या सिस्टीममध्ये बहुधा वेगळं कार्डही लागत नाही, लायसन्स लागतं. जी.७११ (आवाज पाठवायची एक पद्धत) वर एका कॉलला प्रत्येक दिशेने ९० केबीपीएसच्या आसपास जातात. दहा कॉल एका एमबीपीएसमध्ये बसतात. तेव्हा सेल्समन स्पीड सांगत बसला तर ऐकून सोडून द्या. खरी भीती जेसीबीची. रस्त्याचं काम निघालं की फायबर तुटलंच समजा. वाळूजसारख्या ठिकाणी वेगवेगळ्या वाटेने येणारी दोन नेट मिळत असतील तरच सिपवर जा, तरीही एक ॲनालॉग लाईन ठेवा.

जीएसएम कार्डात मोबाईलचं सिम घालायचं. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज मरते, अँटेना बाहेर काढावी लागते. टूजीचं जुनं कार्ड स्वस्तात मिळालं म्हणून उचलू नका, जिओचं सिम त्यात चालणार नाही.

आडत दुकानाला माझ्या मते दोन ॲनालॉग आणि एक जीएसएम पुरे. तरी ऑर्डरआधी एक दिवस सौद्याच्या वेळी दुकानात बसून एकदम किती फोन चालू असतात ते मोजा. आणि जुन्या सिस्टीमवरच्या मॉडेलच्या पट्टीचा फोटो काढून आणा. एका कंपनीचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या खाचेत बसत नाही.