नागपूरच्या महाल भागातल्या फ्रेमवाल्या काकांनी आबाजींच्या मेडल्सचं काम केलं, त्याचा अनुभव

आमच्या आबाजींची दुसऱ्या महायुद्धातली मेडल्स इतकी वर्षं आईच्या लोखंडी पेटीत रुमालात बांधून पडली होती. बडकस चौकाजवळच्या गल्लीत एक जुनं फ्रेमचं दुकान आहे, देवाचे आणि गेलेल्या माणसांचे फोटो हेच मुख्य काम, तिथं नेली. त्याआधी एका ठिकाणी दाखवली तर तो म्हणे चिकटवून देतो, अर्ध्या तासात न्या. तिथून उठलोच.

काकांनी आधी हात पुसले, मग कडेला धरून उचललं. त्यातला बर्मा स्टार, म्हणजे ब्रह्मदेशातल्या मोहिमेचं मेडल, सहा टोकांचा तारा, मधे मुकुट आणि राजाची अक्षरं, रिबन गडद निळी, मधे रुंद लाल पट्टा आणि दोन्हीकडच्या निळ्यात एकेक नारिंगी रेघ. आईनं विचारलं पितांबरीनं घासून आणू का, तर म्हणाले, "नका ताई, घासलं की अक्षरं झिजतात, मग काही करता येत नाही." डिंक, टेप काहीच वापरलं नाही, नागपूरच्या मे महिन्यात टेप सुटतेच. रिबन मागून दोऱ्यानं कापडावर टाचली, टाके समोरून दिसत नाहीत, आणि काच अर्धा इंच पुढं ठेवली.

मग विचारलं, आबाजी नेमके कुठं होते? मी म्हटलं बर्मात. "अहो बर्मा केवढा!" खरंच, आम्हाला एवढंच माहीत होतं. घरी जाऊन डिस्चार्जचा कागद काढला, ड्रायव्हर असं लिहिलेलं, आणि आईला आठवलं की मामाजी (आई आबाजींना असंच म्हणते) दिमापूरचं नाव घ्यायचे, आणि म्हणायचे की रोज गोळ्या खाऊन आम्ही सगळे पिवळे पडलो होतो. आम्ही ते हसण्यावारी न्यायचो. ती मलेरियाची मेपाक्रीन, तिनं खरंच कातडी पिवळी पडायची, त्या जंगलात तापानं गोळीपेक्षा जास्त माणसं आडवी व्हायची.

मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं, ब्रिटिश फौज जंगलं आणि डोंगर तुडवत मणिपुरात परत आली, आणि मे १९४५ मध्ये रंगून परत घेतलं, म्हणजे तीन वर्षांच्या वर चाललेली मोहीम. ब्रिटिश जनरल स्लिमच्या चौदाव्या आर्मीत ब्रिटिश, गुरखे, आफ्रिकन होते पण सगळ्यात जास्त आपले हिंदुस्थानी, आणि उत्तरेकडून चिनी आणि अमेरिकन. १९४४ च्या वसंतात जपान्यांनी कोहिमाजवळ दिमापूर-इम्फाळ रस्ता तोडला, इम्फाळला रसद विमानांनी टाकावी लागली, आणि २२ जूनला १०९ व्या मैलाच्या दगडापाशी कोहिमाकडून आणि इम्फाळकडून आलेल्या आपल्या तुकड्या भेटल्या तेव्हा रस्ता उघडला. आबाजींच्या लॉऱ्या याच रस्त्यानं जायच्या. समोरच्या बाजूला नेताजींची आझाद हिंद सेनाही होती, त्यामुळे घरात हा विषय निघाला की आवाज खाली जायचा, मेडल्स पेटीच्या तळाशी गेली ती मला वाटतं त्यामुळेच.

हे सगळं काकांना सांगितलं तर त्यांनी स्वतःहून मेडल्सच्या खाली त्या रस्त्याचा छोटा नकाशा बसवला, दिमापूर, कोहिमा, इम्फाळ, आणि १०९ जवळ लाल शाईचा ठिपका. त्याचे जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

एकूण १८०० रुपये झाले. काम पाच दिवस उशिरा मिळालं, फोन केला तर उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं, आणि गाडी लावायला जागा नाही, पण ज्यांच्या घरी अशी मेडल्स पेटीत पडली आहेत त्यांनी इथंच जावं, आणि जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दोन-चार प्रश्न विचारून घ्यावेत, कारण काका विचारतातच. फ्रेम आम्ही हॉलमध्ये ऊन येत नाही त्या भिंतीवर लावली, रिबनचा रंग उडू नये म्हणून. परवा आई चष्मा लावून त्या ठिपक्यापाशी कितीतरी वेळ उभी होती.