लॅन केबलवरच्या सेन्सरसाठी घेतलेला संरक्षक बोर्ड

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षांच्या शीतगृहात आम्ही तापमान मोजणारे डीएस१८बी२० सेन्सर लॅन केबलवर जोडले आहेत. ही केबल स्वस्त पडते आणि आरजे४५ प्लग कुठेही मिळतो. अडचण मात्र नेमकी त्याच प्लगने केली. गेल्या हंगामात कॅमेरे बसवणाऱ्या कारागिराने आमची साठ मीटरची केबल कॅमेऱ्याची समजून २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओई इंजेक्टरमध्ये (लॅन केबलवरूनच उपकरणाला वीज पुरवणाऱ्या डबीत) लावली आणि एका खोलीतले चारही सेन्सर जळाले. पीओईच्या ८०२.३एएफ मानकाचा स्विच आधी पलीकडच्या उपकरणात २५ किलोओहम रोधाची खूण शोधतो आणि ती सापडल्यावरच पूर्ण व्होल्टेज सोडतो. पॅसिव्ह इंजेक्टर काहीही न विचारता ४-५ आणि ७-८ या तारांवर वीज देतो, आणि आमच्या सेन्सरची कमाल मर्यादा अवघी ६ व्होल्ट आहे.

म्हणून पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातून हे छोटे संरक्षक बोर्ड आणले. प्रत्येक तारेवर आधी आपोआप पूर्ववत होणारा पॉलिफ्यूज आणि त्यामागे जादा व्होल्टेज दाबून धरणारा टीव्हीएस डायोड, अशी रचना आहे. पॉलिफ्यूज ६० व्होल्टचे आहेत, हे मला विशेष आवडले, कारण पीओईचे व्होल्टेज ५७ पर्यंत जाऊ शकते आणि तिथे ३० व्होल्टचा स्वस्त फ्यूज टिकत नाही. डेटाच्या तारेवर कमी धारितेचा (विद्युतभार कमी साठवणारा) डायोड वापरला आहे, तोही विचारपूर्वक: या सेन्सरचा बिट १५ मायक्रोसेकंदांच्या आत वाचावा लागतो, लांब केबलची स्वतःची धारिता त्यातला बराच वेळ आधीच खाते, आणि तिथे मोठा डायोड बसवला तर संरक्षण मिळते पण वाचन बिघडते.

टेबलावर २४ आणि नंतर ४८ व्होल्ट देऊन पाहिले. फ्यूज क्षणात तापून जवळजवळ बंद झाला, परंतु डायोडने व्होल्टेज ६.५ वर धरले, म्हणजे मर्यादेच्या थोडे वरच. सेन्सर शाबूत राहिला, तरी एवढ्यावर विसंबणे मला पटत नाही. मी पुढे १०० ओहमचा रोधक आणि व्होल्टेज ५.१ च्या आसपास थोपवणारा झेनर डायोड जोडला. ही दुसरी पायरी उत्पादकानेच द्यायला हवी होती.

घेताना बोर्ड जोडीनेच घ्यावेत. सेन्सरचे आकडे वाचणाऱ्या कंट्रोलरपाशी एकच बोर्ड बसवला, तर केबलचे तेच टोक काढून कोणी इंजेक्टरमध्ये लावल्यावर बोर्ड बाजूलाच राहतो आणि पलीकडचा सेन्सर उघडा पडतो; म्हणून दुसरा बोर्ड खोलीत, सेन्सरच्या अगदी जवळ हवा. तिथल्या दमटपणासाठी मी त्यावर वॉर्निशचा थर दिला.

एक गंभीर उणीव आहे. केबलची बाजू कोणती आणि सेन्सरची कोणती, हे बोर्डावर छापलेलेच नाही. उलटा जोडला तर डायोड फ्यूजच्या आधी येतो आणि पहिल्याच चुकीत जळतो, त्यामुळे प्रत्येक बोर्डावर मी लाल मार्करने केबलच्या बाजूला बाण काढून ठेवला आहे.